मंडळीला उभं करणारा बाक

मित्रांनो, मी एक जुना बाक आहे. बाक म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर शाळेतला बाक येईल, नाहीतर बागेतला. मी त्यांच्यातला नाही. मी चर्चमधला आहे, आणि चर्चमध्येही पहिल्या रांगेतला. हे मी मिरवण्यासाठी सांगत नाही. पण मीच सांगितलं नाही तर तुम्हाला कळणार कुठून?

ज्या झाडापासून मी झालो, त्याच झाडापासून माझे आणखी दोन भाऊ झाले. एक दवाखान्याचं दार झाला आणि दुसरा खाटकाच्या दुकानातला ठोकळा. दाराला दिवसभर माणसं ढकलतात, ठोकळ्याला दिवसभर सुरा सोसावा लागतो. मला आठवड्यातून एकदा काम, आणि तेही नुसतं माणसांना बसवून घेण्याचं. तिघांत नशीब काढलं ते मीच.

मला करणारा सुतार हाताचा चांगला होता, पण घाईत होता. चर्चचं उद्घाटन तोंडावर आलेलं, आणि माझं लाकूड अजून पुरतं वाळलेलं नव्हतं. त्याने रंधा मारला, खाचा पाडल्या, सरस लावला आणि मला जमिनीवर ठेवून दोन्ही हातांनी हलवून पाहिलं. मी म्हणालो, "कर्रर्र!" सुतार म्हणाला, "बसेल, बसेल." टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही म्हणतात. मी घाव सगळे सोसले आणि माझ्या वाट्याला आली ही करकर. ती पुढे कधीच बसली नाही.

आता एक गंमत सांगतो. चर्च नेहमी मागून भरतं. सगळ्यांत आधी शेवटची रांग भरते, मग तिच्या पुढची, आणि माझ्यापर्यंत यायच्या आत माणसं संपतात. उपदेश करणाऱ्या पाळकांची नजर थेट पडते अशा जागी बसायला छाती लागते. उशिरा आलेला माणूस पुढे मोकळी जागा दिसत असूनही मागे भिंतीला टेकून उभा राहील, पण माझ्याकडे येणार नाही. पहिली काही वर्षं मी अगदी हिरमुसला होऊन गेलो होतो.

मग टेलरमास्तर आले. बारीक अंगाचे, सरळ पाठीचे, खिशात सदैव खडू. त्यांच्याबरोबर त्यांची बायको, म्हणजे आपल्या काकू. मास्तर थेट पहिल्या रांगेत आले आणि माझ्यावर बसले. लोकांना वाटलं, काय ही भक्ती! भक्ती होतीच. पण पाळकांचा झगा मास्तरांनी शिवलेला होता, हेही तितकंच खरं. उपदेश सुरू झाला की त्यांचं अर्धं लक्ष वचनाकडे असायचं आणि अर्धं झग्याच्या शिवणीकडे. पाळकांनी आवेशात हात वर केला की मास्तरांचा जीव बगलेतल्या टाक्यांत अडकायचा. मग काकू हळूच कोपर मारायच्या.

"अहो, डोळे मिटा. प्रार्थना चाललीय."

"मिटलेत," मास्तर एक डोळा उघडा ठेवून म्हणायचे.

उपासनेचा क्रम मास्तरांना तोंडपाठ होता. गीताला उभं राहायचं, वाचनाला बसायचं, पापांच्या कबुलीला गुडघे टेकायचे, येशूचं शुभवर्तमान वाचताना पुन्हा उभं राहायचं. हे सगळं पुस्तकात छापलेलं असतं, पण पुस्तक बघतो कोण? मागचे पुढच्यांकडे बघतात, पुढचे त्यांच्याही पुढच्यांकडे. आणि सगळ्यांच्या पुढे मास्तर. ते उठण्यासाठी अंग सावरायचे, त्याच क्षणी माझा सांधा सुटायचा आणि मी म्हणायचो, "कर्रर्र!" ते ऐकून मागच्या रांगेतल्या पोस्टातल्या बाई उठायच्या. बाई उठल्या की त्यांची रांग, मग तिच्या मागची, आणि बघता बघता सगळी मंडळी उभी. गुडघे टेकायच्या वेळीही तसंच.

हळूहळू लोकांना त्याची सवयच लागली. तेव्हाचे म्हातारे पाळक तर माझी वाट बघत थांबायचे. आता तुम्हीच सांगा मित्रांनो, अशा वेळी बाकाने काय समजायचं? मी मनाशी म्हणायचो, पाळक उपदेश करतात, गाणारे गातात, पण मंडळीला उभं कोण करतं? मी करतो. उपासना म्हणजे उठणं, बसणं आणि गुडघे टेकणं, आणि ती चालते माझ्या आवाजावर. माझ्या मागच्या बाकांना मी हे अनेकदा ऐकवलं. ते बिचारे ऐकून घेत, कारण ते खिळ्यांनी जमिनीला ठोकलेले होते.

एकदा उपासनेच्या शेवटी पाळक सूचना वाचत होते. अंगणातलं गटार तुंबलं आहे, तरी सर्वांनी मागच्या दाराने जावं, अशी ती सूचना होती. नेमका तेव्हा मास्तरांचा चष्मा खाली पडला. तो उचलायला ते वाकले आणि मी करकरलो. झालं! सगळी मंडळी खडबडून उभी राहिली आणि हात जोडून, खाली मान घालून, तुंबलेल्या गटाराची सूचना भक्तिभावाने ऐकू लागली. म्हातारे पाळक मोठे समजूतदार होते. त्यांनी चेहऱ्यावरची सुरकुती हलू न देता सूचना संपवली आणि म्हणाले, "आमेन." मंडळीही म्हणाली, "आमेन."

अशी वर्षं गेली. म्हातारे पाळक निवृत्त झाले. त्यांच्या जागी तरुण पाळकसाहेब आले. चष्मा लखलखीत, भांग सरळ, सगळं वेळच्या वेळी. मास्तर मात्र थकत चालले होते. जन्मभर शिलाई मशीनचं पायडल मारून त्यांचे गुडघे झिजले होते. मित्रांनो, मला चार पाय आहेत, पण गुडघा एकही नाही, त्यामुळे गुडघेदुखी म्हणजे काय ते मला ठाऊक नव्हतं. मास्तर बसले की त्यांचे पाय थरथरत, ते मात्र कळायचं. त्यांनी हे कोणालाच सांगितलं नव्हतं. काकूंनी विचारलं की म्हणायचे, "काही नाही गं, जरा मुंग्या आल्यात."

एका रविवारी पापांच्या कबुलीला ते गुडघ्यांवर गेले आणि तिथेच राहिले. कबुली संपली, क्षमेचे शब्द झाले, सगळे उठले, मास्तर खालीच. काकूंनी दंड धरून ओढलं. मागून पोस्टातल्या बाईंनी कोटाची कॉलर धरून ओढलं. मास्तर दबक्या आवाजात म्हणाले, "बाई, कॉलर सोडा, नवीन आहे!" शेवटी दोघींनी मिळून त्यांना माझ्यावर आणून ठेवलं. मागच्या लोकांना वाटलं, मास्तरांची पापं आज जरा जास्त असतील.

डॉक्टरांनी सांगितलं, गुडघे टेकायचे नाहीत, फार उठबस करायची नाही. त्याच्या पुढच्या रविवारी मास्तर आले आणि बसले. पहिलं गीत सुरू झालं. त्यांनी दोन्ही हात माझ्या कडेवर रोवले, अंग उचलायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. ते उठले नाहीत, त्यामुळे मी करकरलो नाही. मी करकरलो नाही, त्यामुळे मंडळी उठली नाही.

गाणारे उभे राहून गात होते आणि सगळी मंडळी बसून त्यांच्याकडे बघत होती. पाळकसाहेबांनी डोळे मोठे केले. मग हाताचे तळवे वर नेत 'उठा, उठा' अशी खूण केली. लोकांना वाटलं, आशीर्वाद देताहेत. सगळ्यांनी माना खाली घातल्या. विश्वासाची कबुली बसून झाली, शुभवर्तमान बसून झालं. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, असं म्हणतात. आमच्याकडे पुढच्यास ठेच लागली आणि मागचे सगळे एकदम पडले.

उपासना संपल्यावर पाळकसाहेब तरातरा आले.

"आज काय झालं होतं सगळ्यांना? पुस्तकात स्पष्ट लिहिलंय, उभे राहा म्हणून!"

"पुस्तक कोण बघतंय साहेब?" पोस्टातल्या बाई म्हणाल्या. "आम्ही मास्तरांचा बाक ऐकतो. आज तो वाजलाच नाही."

पाळकसाहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला तिथल्या तिथे वाळवी लागावी. पण मास्तरांचा चेहरा त्याहून वाईट झाला होता. आपल्यामुळे सगळी मंडळी देवासमोर बसून राहिली, हे त्यांना आत्ताच कळत होतं. ते काठी टेकत निघून गेले आणि पुढच्या रविवारी आलेच नाहीत.

त्यानंतर काकू एकट्याच येऊ लागल्या. त्या वजनाला हलक्या, त्यांच्या उठण्याने माझा सांधा हलतही नाही. मंडळीत नुसता गोंधळ माजला. अर्धे उभे, अर्धे बसलेले, आणि काही जण अर्धवट उठून आजूबाजूला बघत ओणवे. शेवटी पाळकसाहेबांनी ठरवलं की हा बाक दुरुस्त करून घ्यायचा, म्हणजे कटकट मिटेल. दोन हमालांनी मला उचललं आणि सुताराच्या दुकानात नेऊन टाकलं.

हा सुतार म्हणजे ज्याने मला केलं त्याचाच मुलगा, आणि त्याचं दुकान मास्तरांच्या दुकानाला लागून. आत जागा नव्हती म्हणून त्याने मला फुटपाथवर ठेवलं. "उद्या करतो," तो म्हणाला, आणि सुताराचा उद्या तुम्हाला माहीतच आहे. बसची वाट बघणारे माझ्यावर पिशव्या ठेवू लागले. एक कुत्रा माझ्याखाली बिऱ्हाड करून राहिला. कुठे पहिली रांग आणि कुठे हा फुटपाथ! मला अगदी रडू कोसळायचं बाकी होतं.

पण मास्तरांनी मला ओळखलं. पहिल्याच दिवशी ते गळ्यात टेप अडकवून बाहेर आले, माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि आपल्या नेहमीच्या जागी बसले. मग काजं करायची, बटणं लावायची, ही कामं ते माझ्यावर बसूनच करू लागले. मला फार बरं वाटलं. एवढंच की ते चर्चच्या रस्त्याकडे तोंड करून बसत नसत.

शनिवारी पाळकसाहेब चौकशीला आले. सुतार म्हणाला, "उद्या." पाळकसाहेब मास्तरांकडे वळले.

"मास्तर, तुम्ही येत नाही. बरं नाही वाटत."

"गुडघे साथ देत नाहीत, साहेब."

"अहो, उपासना गुडघ्यांची नसते, मनाची असते," पाळकसाहेबांनी सुरुवात केली. "त्यात तीन मुद्दे आहेत. पहिला म्हणजे..."

"मग इतकी वर्षं मी काय केलं?" मास्तरांनी सुई थांबवून विचारलं. "गुडघ्यांची नसते, तर मी ते झिजवले कशाला? मी टेकले तेव्हा मला वाटत होतं, मी कोणापुढे तरी टेकतोय. ते काहीच नव्हतं का?"

पाळकसाहेबांचे तिन्ही मुद्दे घशातच राहिले. ते माझ्यावर मास्तरांशेजारी बसले.

"नाही मास्तर, ते सगळं होतं," ते म्हणाले. "मी चुकीचं बोललो. गुडघे होते तेव्हा तुम्ही ते देवापुढे टेकलेत. आता जे उरलंय ते घेऊन या. मला याहून चांगलं सांगता येत नाही. आणि खरं सांगू? त्या दिवशी सगळे बसून राहिले ना, तेव्हा मला देवाची आठवणसुद्धा नव्हती. माझी फजिती झाली, एवढंच डोक्यात होतं. तुम्ही बसून होतात आणि मी उभा होतो. पण उपासना कोणाची झाली, हे मला विचारू नका."

पाळकसाहेब गेल्यावर मास्तर पुटपुटले, "पोरगा बरा आहे. बाही आखूड झालीय त्याची."

दुसऱ्या दिवशी रविवार. चर्चची घंटा आमच्या फुटपाथपर्यंत ऐकू येते. मास्तर दुकानाचं दार ओढून बाहेर आले. अंगात इस्त्रीचा शर्ट, पायांत पॉलिश केलेले बूट, केस नीट विंचरलेले. ते येऊन माझ्यावर बसले आणि बसूनच राहिले. काकू गीतांचं पुस्तक घेऊन निघाल्या होत्या. त्या थांबल्या.

"हे काय? एवढं नटूनथटून फुटपाथवर बसायचंय?"

"तू जा."

"मी जातेच आहे. रोज उठून या गुडघ्यांचं कौतुक ऐकायला मला वेळ नाही. पण एकदा सांगून टाका, येत का नाही?"

मास्तर म्हणाले, "देवाच्या घरी जायचं आणि सिनेमाला बसल्यासारखं पाय पसरून बसायचं? सगळे गुडघ्यांवर आणि मी एकटा आरामात? मला नाही जमणार. त्याचा मान ठेवता येत नसेल तर जाऊ नये."

काकू माझ्यावर टेकल्या. त्यांचा आवाज खाली आला.

"आपली लेक गेल्या महिन्यात आली होती, पाय मोडून घेऊन. प्लास्टरसकट दारातून आली आणि तुमच्या खुर्चीत बसली. तुम्हाला नमस्कार करायलासुद्धा वाकली नाही. राग आला तुम्हाला?"

"राग कसला? पाय मोडलेला तिचा!"

"उलट तुम्हीच धावत स्टूल आणलंत आणि तिच्या पायाखाली उशी दिलीत."

"अगं, ती लेक आहे आपली."

"मग तुम्ही तिथे कोण आहात?" काकू म्हणाल्या. "गिऱ्हाईक?"

काकू पुस्तक उचलून ताडताड निघून गेल्या. लांबून गीत ऐकू येऊ लागलं. मास्तर रुमाल काढून चष्मा पुसू लागले. चष्मा कधीच स्वच्छ झाला होता, तरी ते पुसत होते.

सोमवारी सकाळी ते सुतारासमोर उभे राहिले.

"या बाकाची करकर आजच्या आज काढ. एवढीशीही राहता कामा नये. मी बसून राहीन, पण माझ्यापायी मंडळी बसून राहायला नको."

मित्रांनो, माझ्या सांध्यातून गार वारा गेला. ज्याच्यासाठी मी इतकी वर्षं करकरलो, तोच माझा आवाज बंद करायला सांगत होता! सुताराने मला उलटं केलं, जुना सरस खरवडला, पाचर ठोकली आणि वरून जाड स्क्रू पिळला. मग दोन्ही हातांनी हलवून पाहिलं. मी सगळा जोर लावला. माझ्यातून हूं की चूं निघालं नाही. कुत्र्याने सुद्धा माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं.

मी चर्चमध्ये परत आलो. माझ्या मनात एकच विचार होता, आता या मंडळीचं कसं होणार? रविवारी मास्तर काठी टेकत आले. काकूंनी दंड धरला होता आणि मास्तर तो सोडवून घ्यायचा प्रयत्न करत होते. ते नेहमीच्या जागी बसले. त्यांनी माझी कड घट्ट धरून ठेवली. दारापासून माझ्यापर्यंत येताना सगळे आपल्याकडे बघताहेत असं त्यांना वाटत असावं, आणि सगळे खरोखरच बघत होते.

पहिलं गीत सुरू झालं. पाळकसाहेब काही बोलले नाहीत, खूणही केली नाही. मास्तर बसून राहिले. मी गप्प. मग मागे कोणीतरी पुस्तक उघडलं. एक म्हातारबाबा उठले. पोस्टातल्या बाई उठल्या. इथे एक, तिथे दोन, कोणी आधी, कोणी उशिरा, असं करत सगळी मंडळी उभी राहिली. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, हे मला त्या दिवशी समजलं. माझा चेहरा लाकडाचा आहे म्हणून बरं.

आणि माझी करकर नसल्यामुळे, सगळे उठत असताना, मला मास्तरांचा आवाज ऐकू आला. अगदी हलका. आईने आतून हाक मारल्यावर अंगणातलं मूल जसं उत्तर देतं, तसे ते म्हणाले, "आलो, प्रभू."

काकू गाणं सोडून त्यांच्याकडे वळल्या. "आज पहिल्यांदाच म्हणताय हे?"

"छे गं," मास्तर म्हणाले. "दर वेळी उठताना म्हणतो. या बाकाच्या आवाजात तुला कधी ऐकू गेलं नसेल."

मित्रांनो, इतकी वर्षं तो माणूस माझ्यावरून उठता उठता देवाच्या हाकेला ओ देत होता आणि मी नेमका त्याच क्षणी कोकलत होतो. मला वाटायचं, उपासना म्हणजे उठणं आणि बसणं. खरी उपासना त्या दोन शब्दांत होती. गुडघे चांगले होते तेव्हा ते शब्द गुडघ्यांसकट उठायचे. आता ते बसून निघाले, आणि जिथे जायचे तिथे पोहोचलेच असतील.

आता मी पुरता मुका आहे. मंडळी कधी उठते, कधी चुकते, एकदा तर अर्धी मंडळी उपदेशाच्या मध्येच उभी राहिली. मी त्यात पडत नाही. मास्तर बसतात, मी त्यांना नीट बसवून घेतो, आणि कान देऊन ऐकतो. तुम्हाला माझं एवढंच सांगणं आहे, की सगळे उभे असताना तुमच्या शेजारी कोणी बसून राहिलं, तर त्याला कोपराने ढोसू नका. तो कुठवर जाऊन पोहोचला आहे, ते तुम्हाला दिसत नसतं. थोडं सरका आणि त्याला ऐसपैस बसू द्या.